क्रीडारसिक : एक उपेक्षित सहृदय

मराठी साहित्यविचाराने रसिकाकडे दुर्लक्ष केले, असा आरोप कोणासही करता येणार नाही. काव्याचा वाचक, नाटकाचा प्रेक्षक आणि गायनाचा श्रोता यांच्या मनात आस्वादाच्या वेळी नेमके काय घडते, याची चिकित्सा आमच्या टीकाकारांनी पिढ्यान्‌पिढ्या केली आहे. परंतु समाजात असा एक आस्वादक आहे, की जो संख्येने या तिघांहून मोठा आहे, ज्याची निष्ठा बालपणापासून वार्धक्यापर्यंत अभंग राहते, आणि तरीही ज्याला आमच्या साहित्यशास्त्राने अद्याप उंबरठ्याच्या आत घेतलेले नाही. तो म्हणजे खेळाचा आजन्म प्रेक्षक. प्रस्तुत लेखात या प्रेक्षकास 'रसिक' ही पदवी देता येईल काय, आणि येत असल्यास कोणत्या अटीवर, याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

हुबळी-धारवाडच्या परिसरात या प्रश्नाची धार विशेष जाणवते. कुंदगोळच्या सवाई गंधर्व स्मृतिसंगीतोत्सवात रात्रभर मांडी घालून बसणाऱ्या मनुष्यास येथे सर्वजण आदराने 'दर्दी' म्हणतात. त्याने त्यापायी कचेरीची रजा खर्ची घातली, तरी ती सत्कारणी लागली असेच समजले जाते. पण तोच मनुष्य हुबळीच्या राजनगर मैदानावर रणजी सामन्याचे चारही दिवस उन्हात बसून राहिला, की घरची आणि दारची माणसे त्याला 'नाद लागला आहे' असे म्हणतात. 'दर्द' आणि 'नाद' या दोन शब्दांत जे अंतर आहे, त्याला काही तात्त्विक आधार आहे, की तो केवळ आमच्या प्रतिष्ठेच्या कल्पनांचा परिणाम आहे? शिक्षकांना हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. ज्या मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर अकरा नावे आणि त्यांपुढे धावांचे आकडे लिहिलेले असतात, त्याला आम्ही काय सांगावयाचे? त्याची ही आवड दडपावयाची, तिच्याकडे काणाडोळा करावयाचा, की तिला वळण लावावयाचे?

क्रीडाप्रेक्षकास रसिक मानण्याविरुद्ध तीन आक्षेप संभवतात. पहिला असा, की खेळ ही कलाकृती नव्हे, कारण तिला कर्ता नाही. दुसरा असा, की रसास्वादासाठी अवश्य असणारे ताटस्थ्य या प्रेक्षकाजवळ नसते. तो एका पक्षाचा असतो. आणि तिसरा असा, की या आवडीतून जीवनाला काही लाभ होत नाही. आयुष्यभर सामने पाहणाऱ्याच्या हाती अखेरीस आकड्यांखेरीज काय उरते? या तिन्ही आक्षेपांचा क्रमाने विचार करू.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. सामना कोणी रचत नाही. दोन्ही बाजूंचे खेळाडू एकमेकांची रचना मोडण्यासाठीच मैदानात उतरतात. तथापि कर्ता नसला म्हणजे आकृती नसते, असे मात्र नव्हे. मर्ढेकरांनी सौंदर्याचे मूळ लयीत शोधले आणि संवाद, विरोध व समतोल ही तिची तीन अंगे सांगितली. पाच दिवसांच्या सामन्याकडे या दृष्टीने पाहिले असता काय दिसते? एका टोकाकडून वेगवान मारा आणि दुसऱ्या टोकाकडून फिरकी, हा विरोध. दोन फलंदाजांची भागीदारी, हा संवाद. आणि पहिल्या डावाच्या उधळपट्टीला चौथ्या डावातील काटकसरीने मिळणारे उत्तर, हा समतोल. खेळाचे नियम हे त्याचे वृत्त होय. वृत्ताची मर्यादा असते म्हणूनच कवीचे स्वातंत्र्य डोळ्यांत भरते; त्याचप्रमाणे सहा चेंडूंचे षटक आणि बावीस यार्डांची खेळपट्टी यांच्या मर्यादेत जे अनपेक्षित घडते, त्याचेच प्रेक्षकाला अप्रूप वाटते. त्रिनिदादचे सी. एल. आर. जेम्स यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या क्रिकेटविषयक ग्रंथात हा खेळ नाट्य व नृत्य यांच्या पंक्तीला बसणारी कला आहे, असे ठामपणे प्रतिपादिले. त्यांनी खेळाडूला कलावंताचे आसन दिले. प्रेक्षकाच्या आसनाचा प्रश्न मात्र त्याने पुरता सुटत नाही. आणि आमचा प्रश्न तोच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी जी सात विघ्ने सांगितली, त्यांत स्वतःच्याच सुखदुःखाच्या आधीन होणे हे एक प्रमुख विघ्न आहे. नाटक पाहताना ज्याला घरच्या कर्जाची आठवण होते, त्याला रस मिळत नाही. क्रीडाप्रेक्षक तर आपल्या सुखदुःखाची पोटलीच मैदानावर घेऊन येतो. 'आपला' संघ हरला की त्याला जेवण गोड लागत नाही. मग त्याला सहृदय कसे म्हणावे?

येथे नरसिंह चिंतामण केळकर यांच्या उपपत्तीचे साह्य घेणे आम्हांस उचित वाटते. १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनात अध्यक्षपदावरून त्यांनी वाङ्मयीन आनंदाचे विवेचन करताना 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, आणि या दुहेरी अवस्थेतच त्याचा आनंद असतो, असा तिचा आशय. या उपपत्तीवर पुढे पुष्कळ वाद झाले. परंतु क्रीडाप्रेक्षकाला ती जितकी चपखल लागू पडते, तितकी काव्यवाचकालाही क्वचितच पडत असेल. मैदानाच्या कडेला बसलेल्या मनुष्याचा पाय गोलंदाजाने धाव घेताच नकळत पुढे सरतो, हात आवळला जातो, झेल सुटताच त्याच्या तोंडून हाय निघते. आणि तरीही आपण फलंदाज नाही, आपल्याला कोणी बाद करणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. भरतमुनींनी नाट्यसिद्धीचे वर्णन करताना प्रेक्षकांच्या स्मितापासून प्रचंड जयघोषापर्यंतच्या प्रतिक्रिया, रोमांच, आसनावरून उठून उभे राहणे, वस्त्रे उडविणे अशी चिन्हे सांगितली आहेत. ती वाचताना डोळ्यांसमोर आजच्या नाट्यगृहापेक्षा क्रिकेटचे मैदानच उभे राहते. त्याच भरतांनी या मानुषी सिद्धीच्या वर एक दैवी सिद्धी मानली आहे. प्रेक्षागृह तुडुंब भरलेले असावे आणि तरीही तेथे आवाज नसावा, क्षोभ नसावा, ही तिची खूण.

३१ जानेवारी १९९९ या दिवशी मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या चेपॉक मैदानावर जे घडले, ते आम्हांला या दैवी सिद्धीचेच उदाहरण वाटते. पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत भारताला जिंकण्यासाठी २७१ धावांची आवश्यकता होती. पाठदुखीने बेजार झालेल्या सचिन तेंडुलकरने १३६ धावा केल्या. तो बाद झाला तेव्हा विजय अवघ्या १७ धावांवर होता. त्यानंतर केवळ ४ धावांत उरलेले तिन्ही गडी बाद झाले आणि भारत १२ धावांनी हरला. सारे मैदान क्षणभर निःशब्द झाले. मग प्रेक्षक उठून उभे राहिले आणि त्यांनी विजयी पाकिस्तानी संघाला टाळ्यांच्या गजरात मानवंदना दिली. त्या संघाने मैदानाला फेरी घालून तिचा स्वीकार केला. त्या प्रेक्षकांचे दुःख खोटे होते काय? मुळीच नव्हे. तटस्थ मनुष्याच्या टाळीला या प्रसंगी काहीच मोल नसते. ज्यांना पराभव बोचत होता, त्यांनीच टाळी वाजविली, म्हणून तिला मोल आले.

याउलट १३ मार्च १९९६ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्स मैदानावर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात श्रीलंकेविरुद्ध भारताची अवस्था ८ बाद १२० झाली, तेव्हा प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, बैठकांना आगी लावल्या, आणि सामनाधिकाऱ्यांना तो सामना श्रीलंकेला बहाल करणे भाग पडले. प्रेक्षक त्याच देशाचे, खेळ तोच, पराभवही तसाच जिव्हारी लागणारा. भेद पडला तो प्रेक्षकाच्या घडणीत. यावरून आमचा पहिला निष्कर्ष असा, की पक्षपात हा क्रीडारसास अडथळा नाही. किंबहुना तो या रसाचे इंधन आहे. परंतु इंधन ज्या चुलीत जळावयाचे ती चूल हवी. ती नसेल तर आग घराला लागते.

ही चूल कशाने घडते? आमच्या मते ती काळाने घडते. एका हंगामाच्या प्रेक्षकाला जय हवा असतो. जन्मभराच्या प्रेक्षकाला पराजयाशीही संसार करावा लागतो. या बाबतीत अमेरिकेतील बेसबॉलचा दाखला बोधप्रद आहे. क्रिकेटप्रमाणेच चेंडू, दांडू आणि धावा यांचा हा खेळ. त्यातील बोस्टनच्या रेड सॉक्स संघाने १९१८ नंतर थेट २००४ साली अजिंक्यपद मिळविले आणि शिकागोच्या कब्ज संघाने १९०८ नंतर २०१६ साली. मधल्या ८६ आणि १०८ वर्षांत या संघांची निष्ठा वडिलांकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे वारशाने गेली. एक विजय न पाहता आयुष्य संपविणारे लक्षावधी लोक ज्या निष्ठेने बांधले गेले, तिला निव्वळ जयलोभ कसे म्हणता येईल? पंढरीच्या वारकऱ्याला देव भेटला की नाही, असे आपण विचारत नाही. तो वारी चुकवीत नाही, एवढे पुरेसे मानतो. खेळाला भक्तीच्या पायरीवर बसविण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. परंतु नियमाने जाणे आणि फळाची हमी नसताना जाणे, यांतून मनाला जी शिस्त लागते ती दोहोंकडे सारख्या जातीची आहे, एवढेच आम्हांला सुचवावयाचे आहे.

हुबळी-धारवाडच्या मराठी भाषकाला हे शिक्षण आणखी एका मार्गाने मिळाले. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुन्या पिढीतील अनेकांचे मन मुंबईच्या संघाकडे ओढ घेई. राज्यपुनर्रचनेनंतर मैदान म्हैसूरचे झाले, पुढे १९७३ साली त्याचे नाव कर्नाटक झाले, आणि त्याच १९७३-७४ च्या हंगामात रणजी स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात बंगळूर येथे कर्नाटकाने मुंबईला रोखले. १९५८-५९ पासून ओळीने १५ वर्षे अजिंक्य राहिलेल्या मुंबईची सद्दी तेथे संपली. प्रसन्नांच्या चेंडूने गावसकरांचा त्रिफळा उडाला, चांगले स्थिरावलेले वाडेकर धाव घेताना घसरून धावचीत झाले, आणि विश्वनाथ व ब्रिजेश पटेल यांची शतके कर्नाटकाच्या कामी आली. अशा सामन्यात घरची भाषा एका बाजूला आणि गावची माती दुसऱ्या बाजूला, अशी ज्याची स्थिती होते, त्याला दोन्हीकडचे गुण पाहण्याची सवय आपोआप लागते. पुढे इंदूरला मराठी घरात जन्मलेला आणि बंगळूरला वाढलेला राहुल द्रविड कर्नाटकाचा व भारताचा आधारस्तंभ झाला, तेव्हा तर 'तो कोणाचा?' हा प्रश्नच फोल ठरला. गदगहून पहाटे निघून सरावासाठी हुबळी गाठणारा आणि शाळेच्या वेळेला परतणारा मुलगा म्हणून ज्याची कथा येथील क्रीडाप्रेमी सांगतात, त्या सुनील जोशीने १९९९ साली नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १० षटकांत ६ निर्धाव टाकून अवघ्या ६ धावांत ५ बळी घेतले. हे आकडे या भागातील कन्नड आणि मराठी अशा दोन्ही घरांत सारख्याच अभिमानाने पाठ आहेत.

आकड्यांचा उल्लेख आला, तेव्हा तिसऱ्या आक्षेपाकडे वळणे प्राप्त आहे. 'हाती आकड्यांखेरीज काय उरते?' असे म्हणणाऱ्याला आकडा म्हणजे काय, हे उमगलेले नसते. नाटक संपले तरी संहिता राहते. गाणे विरले तरी बंदिश राहते. सामना संपला की राहतो तो केवळ धावफलक. म्हणून आकडा हे क्रीडारसिकाचे स्मरणसूत्र होय. बेसबॉलच्या धावफलकाला वृत्तपत्रांत जो संक्षिप्त तक्त्याचा आकार मिळाला, त्याचे श्रेय हेन्री चॅडविक या इंग्लंडात जन्मलेल्या आणि आरंभी क्रिकेटची वार्तापत्रे लिहिणाऱ्या पत्रकाराला दिले जाते. जाणत्याच्या हाती तो तक्ता दिला, की तो त्यावरून सारा सामना पुन्हा उभा करतो. स्वरलिपीवरून गवई चीज उभी करतो, तसाच.

मराठी क्रीडारसिकाच्या स्मरणात ४४३ हा असाच एक आकडा आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास काठेवाडविरुद्धच्या रणजी सामन्यात भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तत्कालीन जागतिक उच्चांक केवळ ९ धावांवर आला होता. महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ झालेली. उपाहाराच्या वेळी काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला आणि त्यांचा संघ निघून गेला. निंबाळकरांना पुढे कसोटी सामन्यात कधीही स्थान मिळाले नाही. २०१२ साली ते निवर्तले. आता विचार करावा, की एखादा मनुष्य साठ वर्षे मनात त्या न झालेल्या ९ धावा बाळगून असतो, तो कशासाठी? त्या धावांनी त्याचा कोणताही लाभ होणार नव्हता. तरीही त्या हानीची रुखरुख त्याच्या मनातून जात नाही. परक्याच्या अपूर्णतेचे दुःख स्वतःचे होणे, यालाच आमच्या शास्त्राने साधारणीकरण म्हटले आहे. ज्या धारवाडात राहून जी. ए. कुलकर्णी यांनी नियतीच्या क्रूर लीलांच्या कथा लिहिल्या, तेथील वाचकाला तर या ९ धावांचा अर्थ फोड करून सांगावा लागू नये.

लाभाचा प्रश्न आणखी एका अंगाने पाहिला पाहिजे. या प्रेमाला काही फळ नाही, हाच त्याचा गुण आहे. फळ चिकटले की रस नासतो. खेळाच्या निकालावर पैसे लावणारा मनुष्य सामना पाहत नसतो. तो आपली रक्कम पाहत असतो. अभिनवगुप्ताने सांगितलेले विघ्न येथे मूर्तिमंत अवतरते. गेल्या काही वर्षांत भ्रमणध्वनीवरील पैशांच्या खेळांनी शाळकरी मुलांनाही या वाटेला नेले होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून अशा खेळांना बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु कायदा फक्त हात धरतो. डोळा घडविण्याचे काम शिक्षकाचे आणि साहित्याचे आहे.

साहित्याने ते कितपत केले? आपल्या भाषेने या खेळाचे स्वागत मोठ्या कल्पकतेने केले, हे प्रथम नमूद केले पाहिजे. तोफखान्यातील 'गोलंदाज' मैदानावर आला आणि त्याच्या जोडीला 'फळी'वरून 'फलंदाज' घडला. कुस्तीच्या आखाड्यातील 'चीत' पायाला जोडून 'पायचीत' झाला. वैद्याच्या बटव्यातील 'त्रिफळा' तीन यष्ट्यांच्या नशिबी आला. 'यष्टी', 'षटक' हे संस्कृत शब्द आणि 'डाव', 'झेल' हे घरगुती शब्द एकाच वाक्यात सुखाने नांदू लागले. शेजारच्या कन्नडाने दांड्यावरून 'दांडिग' हा फलंदाजाचा शब्द घडविला, तोही असाच रसरशीत आहे. ज्या समाजाला एखाद्या गोष्टीचे प्रेम नाही, तो तिच्यासाठी असे शब्द घडवीत नाही; उसने घेऊन वेळ भागवितो. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचे समालोचन केले, तेव्हा ज्यांनी मैदान कधी पाहिले नव्हते अशा श्रोत्यांनाही या शब्दांनी मैदान दाखविले. वि. वि. करमरकर यांनी महाराष्ट्र टाइम्समधून क्रीडापत्रकारितेला दर्जा मिळवून दिला. शिरीष कणेकर यांनी क्रिकेट आणि चित्रपट यांवरील आपल्या वेडाला खुमासदार शैली दिली, तर द्वारकानाथ संझगिरी यांनी खेळाडूंची शब्दचित्रे उपमांच्या आतषबाजीने रंगविली.

या लेखकांचे ऋण मान्य करूनही एक उणीव दाखविणे आमचे कर्तव्य आहे. या लेखनात खेळाडू आहे, किस्सा आहे, विनोद आहे. प्रेक्षक मात्र बहुधा गर्दीच्या रूपाने येतो, व्यक्तीच्या रूपाने येत नाही. आला तर तो हास्यविषय म्हणून येतो. एका साध्या मनुष्याचे आयुष्य या प्रेमाने कसे घडले वा बिघडले, संसार, नोकरी, मैत्री आणि वार्धक्य यांत ते कसे मिसळले, याचे गंभीर चित्रण आम्हांला मराठीत क्वचितच आढळते. इंग्लंडात निक हॉर्नबी यांनी १९९२ साली 'फीव्हर पिच' या पुस्तकात आर्सेनल या फुटबॉल संघाच्या एका प्रेक्षकाचे, म्हणजे स्वतःचेच, आयुष्य सामन्यांच्या तारखांवरून सांगितले. अमेरिकेत रॉजर अँजेल हे 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात कथांचे संपादन करीत आणि १९६२ पासून बेसबॉलवर लिहीत. आरंभी ते पत्रकारांच्या कक्षात न बसता सामान्य प्रेक्षकांत बसून लिहीत असत. २०२२ साली वयाच्या १०१ व्या वर्षी ते वारले, तोपर्यंत त्यांचे बेसबॉललेखन उत्तम निबंधवाङ्मयात गणले जाऊ लागले होते. कथा तपासणाऱ्या डोळ्यानेच त्यांनी सामना पाहिला, हे त्याचे कारण. आमच्याकडे डोळस प्रेक्षक नाहीत असे नाही. आपले प्रेम लिहिण्याजोगे आहे, असे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

मात्र अशा लेखनाची मागणी करताना एका अप्रिय सत्यालाही सामोरे गेले पाहिजे, आणि त्याचा धागा धारवाडाशीच येऊन पोहोचतो. हिंदी क्रिकेटचा पहिला थोर गोलंदाज म्हणून ज्याचे नाव घ्यावे, तो पळवणकर बाळू एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात धारवाड येथे चांभार कुटुंबात जन्मला. पुण्याच्या गोऱ्या लोकांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे, हे त्याचे आरंभीचे काम. वेतन महिना ४ रुपये. पुढे त्याची डावखुरी फिरकी पाहून हिंदूंच्या संघाने त्याला खेळविले. मैदानावर त्याच्या चेंडूला सर्वांचे हात लागत. पण चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यातून चहा मिळे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्याने ११४ बळी घेतले, तेही दर बळीमागे १९ हून कमी धावा देऊन. तथापि हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला लाभले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याच्याकडे आले आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी सामने जिंकले. विठ्ठल पळवणकर यांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले. मराठीतील या आत्मचरित्राची आठवण रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या इंग्रजी इतिहासग्रंथाने आम्हांला करून द्यावी, हे मराठी अभ्यासकांना भूषणावह नाही.

या कथेत प्रेक्षकाची परीक्षा आहे. बाळूने यष्टी उडविली की टाळ्या पिटणारे आणि चहाच्या वेळी त्याचे भांडे वेगळे ठेवलेले पाहून मूक राहणारे, हे लोक एकच होते. त्यांना खेळ कळत नव्हता काय? उत्तम कळत होता. त्यांच्याजवळ गुणग्राहकता होती; सहृदयता नव्हती. गुण भोगावा आणि गुणवंताला दूर ठेवावे, अशा आस्वादाला रसिकता म्हणता येणार नाही; तो केवळ उपभोग होय. संगीताच्या आणि नाटकाच्या क्षेत्रांतही आमच्या समाजाने कलावतींना दाद दिली आणि पंक्तीला बसविले नाही, हा इतिहास फार जुना नाही. तेव्हा हा दोष क्रीडाप्रेक्षकाच्याच माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या लक्षणाने गाण्याचा दर्दी पारखावयाचा, त्याच लक्षणाने खेळाचा दर्दीही पारखला पाहिजे, एवढे यावरून निश्चित होते.

या विवेचनावरून क्रीडारसिकाची तीन लक्षणे आम्ही मांडू इच्छितो. पहिले स्मृती : ज्याला कालचा सामना आठवत नाही, तो आजचा पाहू शकत नाही, आकडा त्याच्या लेखी केवळ बढाईचे साधन नसून घडलेल्या गोष्टीशी इमान राखण्याची खूण असते. दुसरे धैर्य : पराभवाच्या हंगामातही तो जागा सोडीत नाही, आणि जयाच्या हंगामात मिजास करीत नाही. तिसरे, आणि सर्वांत अवघड, समदृष्टी : प्रतिपक्षाचा गुण त्याला बोचला तरी तो त्याला टाळी देतो, आणि ज्याला टाळी दिली त्याला माणूस म्हणून शेजारी बसवितो. पहिली दोन लक्षणे वयाने येऊ शकतात. तिसरे मात्र शिकवावे लागते. चेपॉकचा प्रेक्षक जन्मतः तसा नव्हता; कोणीतरी, कधीतरी, त्याला तसे पाहावयास शिकविले होते.

शिक्षकांपुढील कर्तव्य यातून स्पष्ट होते. वहीच्या शेवटच्या पानावर धावफलक लिहिणाऱ्या मुलाला ते पान फाडावयास सांगू नये. त्या पानावर प्रतिपक्षाच्या गोलंदाजाचे नावही लिहावयास सांगावे. त्याला पाहिलेल्या सामन्यावर निबंध लिहू द्यावा, आणि निकालापेक्षा निकाल बदलणारा क्षण वर्णावयास सांगावे. पाठ्यपुस्तकांतून निंबाळकरांच्या ९ धावा आणि बाळूचे मातीचे भांडे या दोन्ही गोष्टी मुलांपर्यंत पोहोचाव्यात. साहित्यसंस्थांनीही जुन्या क्रीडारसिकांनी जपलेल्या वह्या, टिपणे आणि आठवणी मिळवून त्या वाङ्मय म्हणून तपासल्या पाहिजेत. त्यांतील पुष्कळशा सामान्य निघतील. परंतु एखादी जरी खरी निघाली, तरी मराठी आत्मचरित्राला एक नवे दालन मिळेल.

'दर्द' आणि 'नाद' यांतील अंतराला तात्त्विक आधार आहे काय, असा प्रश्न आम्ही आरंभी उपस्थित केला होता. आधार आहे, परंतु तो गाणे आणि खेळ यांच्या दरम्यान नाही. जेथे प्रेक्षकाला केवळ आपला जय हवा असतो, तेथे नाद. जेथे त्याला दुसऱ्याचे यश आणि दुसऱ्याची हानी आपलीशी वाटते, तेथे दर्द. ही सीमारेषा मैफलीतूनही जाते आणि मैदानातूनही. तिच्या कोणत्या बाजूस आपण उभे आहोत, हे प्रत्येक प्रेक्षकाने आणि प्रत्येक श्रोत्याने स्वतःलाच विचारावयाचे आहे.